तिसरा रकाना

आमच्या भाषेत दगडाला कुवाळ म्हणत. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या. ती भाषा बोलणारी माणसं जगात दोनच होती आणि दोघी एकाच घरात राहत होत्या. तळेघरच्या वरच्या अंगाला, एसटीतून उतरल्यावर दीड तास चालावं लागे अशा जागी आमचं घर होतं. कुडाच्या भिंती, पुढे बुटकी ओटी, मागे भाताची खाचरं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरत गेलेली. मी तीन वर्षांची असताना आई तापाने गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, आवाज तर नाहीच. मला आठवते ती बाय. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. हौसा तिचं नाव, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती आणि पुढेही दुसरीतच राहिली, कारण घरात मी होते, चूल होती आणि दोन शेळ्या होत्या.

बाबा दिवसभर बाहेर असत. आमच्या डोंगरात बांध घालायचं काम एकट्याने होत नाही. पाच-सहा घरं मिळून आज एकाच्या खाचरात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. त्याला पडकई म्हणतात. बाबा पडकईला गेले की घरात बाय आणि मी. नाचणीच्या भाकरीचा वास, शेळ्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा ठोक ठोक आवाज, आणि पावसाळ्यात छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेल्या टोपाची टपटप. त्या टोपाला आम्ही टपू म्हणायचो. पुढे ज्या कामासाठी सारखं उठावं लागतं, अशा प्रत्येक कामालाच टपू म्हणू लागलो. रडणारं पोर म्हणजे टपू, उतू जाणारं दूधही टपूच. असे आमचे शब्द वाढत. कोवळा हिरडा चावला की तोंड आक्रसून येतं, म्हणून राग आला तरी गप्प बसण्याला ‘हिरडणं’. पाऊस थांबल्यावर ओढ्याचं पाणी निवळतं, म्हणून बाबा रागात नसले की ‘निवळी’. “आज निवळी हाय,” बाय कानात सांगायची आणि मग मी बाबांच्या मांडीवर जाऊन बसायचे.

या सगळ्याची सुरुवात बहुधा सापापासून झाली. दिवा लागल्यावर सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं, हा नियम आमच्याकडे सगळे पाळत. मी बाबांना कारण विचारलं, तर ते म्हणाले, “त्याला त्याचं नाव कळतंय. दुसऱ्या नावानं काढलं तर त्याला पत्ता लागत नाय.” मला ते फार पटलं. बायलाही पटलं असावं. सापाला नवं नाव देता येतं तर बाकीच्यांना का नाही? आणि जी वस्तू आपण दुसऱ्या नावाने बोलावतो ती फक्त आपलंच ऐकते, असं आम्ही धरून चाललो. शब्द करण्याचा नियम आम्ही पडकईवरून घेतला होता. एकीने शब्द काढायचा, पण तेवढ्याने तो शब्द होत नसे. दुसरीने तो पुढे कधीतरी, कुणी आठवण न करता, आपणहून वापरला तरच तो शब्द. एकटीचा बांध जसा उभा राहत नाही तसा एकटीचा शब्दही नाही. असे सव्वाशेच्या आसपास शब्द आमच्याकडे जमले होते. त्यातले निम्मे मला कळायला लागायच्या आधीचे, बायने एकटीने काढलेले आणि मी बोबडं बोलत पक्के केलेले. कुवाळ त्यांपैकी.

मी सातवीत असताना बायचं लग्न झालं. तिचं सासर आमच्यासारखंच डोंगरातलं, पण बांध घालण्यात ती माणसं नावाजलेली होती, म्हणून राजुरीच्या एका बागायतदाराने त्यांना आपल्या मळ्यावरच वस्ती करून दिली होती. तिकडे माळरान फोडून नवी जमीन करत होते. दगड वेचायचे आणि त्यांचेच बांध घालायचे, असं कायमचं काम. बाय सणाला यायची ती भरल्या घरात, चार माणसांत. एकदोनदा मी तिच्याशी आमच्या भाषेत बोलून पाहिलं. ती हसली आणि साध्या मराठीत उत्तर देऊन आत गेली. सोबत आलेल्या तिच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मला ते तेव्हा कळलं नाही, मी हिरडले. पुढे मीच बोलायचं सोडून दिलं.

मग मी आश्रमशाळेतून बारावी करून मंचरला कॉलेजात आले. आमच्या अख्ख्या वाडीतून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. हे वाचायला बरं वाटतं, पण पहिलं असणं म्हणजे विचारायला कुणी नसणं, हे मला तिथे समजलं. प्रवेशाचा अर्ज मी जमेल तेवढा भरून खिडकीत दिला. कारकुनाने तो न वाचताच परत सरकवला. “रकाने मोकळे आहेत. मोकळे रकाने चालत नाहीत.” आईचं शिक्षण, वडिलांच्या व्यवसायाचं ठिकाण, घराजवळचं रेल्वे स्थानक असलं काय काय त्यात होतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका मुलीने अर्ज ओढून घेतला आणि भराभर लिहून टाकला. ती कळंबची शालन, पुढे माझी खोलीतली सोबतीण झाली. आईच्या शिक्षणापुढे तिने ‘चौथी’ लिहिलं. मी म्हणाले, “अगं, ती शिकलेली नव्हती.” शालन म्हणाली, “राव, कोण बघायला जातंय? मोकळं ठेवू नको फक्त.” तो धडा मी फार मनापासून शिकले.

शालन वाईट नव्हती. तिला बोलायला भरपूर माणसं होती, एवढंच. मी तोंड उघडलं की मुली हसत, कारण माझं बोलणं त्यांच्यापेक्षाही गावठी होतं. आपणही ‘व्हतं’ म्हणतो हे मंचर-कळंबच्या मुली माझ्यासमोर विसरत. मी कमी बोलू लागले, मग फारच कमी. मेसमध्ये जी मुलगी गावाला गेली असेल तिचं ताट फळीवर पालथं ठेवायची पद्धत होती, म्हणजे वाढणाऱ्या बाईंना अंदाज यायचा. एका संध्याकाळी मी जेवायला गेले तर माझं ताट पालथं. मी कुठेही गेले नव्हते. दुपारी त्याच बाकावर बसून जेवले होते. बाई म्हणाल्या, “आगं बाई, तू हायेस व्हय?” आणि ताट सुलटं करून वाढलं. वांग्याची भाजी होती. चाळीस मुलींच्या गलक्यात ती खाताना माझ्या मनात शब्द आला, पालथण. माणसांत बसलेलं असताना आपण नसल्यासारखं वाटणं. भूक लागते तशी पालथण लागते. मी तो वहीच्या मागच्या पानावर लिहिला. अशा एकटीच्या शब्दांनी पुढे दोन पानं भरली. पण नियमाप्रमाणे ते शब्द नव्हतेच. दुसरी कुणी ते वापरल्याशिवाय ते शब्द होणार नव्हते, आणि ती दुसरी राजुरीला दगड वेचत होती.

आमचे मराठीचे सर सौम्य स्वभावाचे होते. वहीचं मागचं पान त्यांनी निबंध तपासताना पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता वर्गात हसं होणार. पण त्यांनी खुर्ची दिली. खुर्चीत बसायला सांगणारे ते तिथले पहिलेच. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. “दोन मुलींनी रचलेली भाषा! कॉलेजच्या अंकात द्यायलाच हवी. तीन रकाने कर. शब्द, अर्थ आणि उगम. प्रत्येक शब्द कुठून आला ते सांगता आलं पाहिजे.” आठ दिवस मी लिहीत होते. पहिले दोन रकाने भरले. तिसरा निम्म्या शब्दांपुढे रिकामा राहिला, कारण ते शब्द बायचे होते आणि कुठून आले ते मला माहीत नव्हतं. त्या मोकळ्या चौकटी बघून मला अर्जाच्या खिडकीतला तो कारकून दिसायला लागला.

मग मी ग्रंथालयात बसून शब्दकोश काढला. ‘भिवरी’ म्हणजे आमच्या भाषेत कामाला टाळाटाळ. मी लिहिलं, भीमा नदीच्या भिवरा या नावावरून. नदी जशी वाट काढून निसटते तसं निसटणं. ‘कुवाळ’ म्हणजे दगड. संस्कृतात ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ, काठावर दगड असतात, म्हणून कूलवरून कुवाळ. अशा बासष्ट चौकटी मी भरल्या. लबाडी करतेय असं तेव्हा मुळीच वाटलं नाही. रिकामं ठेवणं हीच चूक, असं मी खरोखर समजत होते. सर तर हरखून गेले. “बघ, डोंगरातल्या दोन मुलींच्या तोंडी संस्कृतातला धागा आला कसा!” अंक छापून आला. मुलींनी माझं नाव विचारलं, शालनने अंक आपल्या घरी नेऊन दाखवला. पंधरा दिवस माझं ताट सुलटं होतं. मग सरांनी सांगितलं, जुन्नरला आजूबाजूच्या कॉलेजांचा कार्यक्रम आहे, तिथे तू हे वाचायचंस, आणि लोक प्रश्न विचारतील त्यांना उत्तरं द्यायचीस.

प्रश्न म्हटल्यावर मी अंक उघडून तिसरा रकाना पुन्हा वाचायला घेतला. तेव्हा कुठे लक्षात आलं की बासष्ट शब्दांची खरी गोष्ट एकाच माणसाला माहीत आहे आणि मी त्या माणसाला काही विचारलेलंच नाही. त्याहून मोठी भीती वेगळी होती. बायला ही भाषा आता आठवत नसेल, तर काय? मग सव्वाशे शब्दांची मी एकटीच धनी, म्हणजे नियमाप्रमाणे तेही पालथणसारखे एकटीचे, शब्द नव्हेतच. शनिवारी सकाळी मी अंक पिशवीत घालून एसटीत बसले. नारायणगाव, आळेफाटा, तिथे दुसरी गाडी. राजुरीच्या फाट्यावरून मळा दोन-अडीच मैल. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, विहिरींवर इंजिनांची फटफट, आणि डोंगर कुठेच नाही. इतकं सपाट मी कधी पाहिलं नव्हतं. बाय सहा वर्षं इथे कशी राहिली असेल, असा विचार त्या वाटेवर मी पहिल्यांदा केला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

वस्तीच्या अलीकडेच नव्या बांधाचं काम चाललं होतं. बायच्या सासूबाई बांधावर उकिडव्या बसून दगड रचत होत्या. बाय पाठमोरी खाली वाकलेली. मी हाक मारणार, एवढ्यात सासूबाईंचा आवाज आला.

“हौसे, त्यो चपटा कुवाळ दे गं हिकडं. त्यो न्हाई, त्याच्या बुडाचा.”

मी तिथेच उभी राहिले. बायने दगड उचलून दिला आणि वळली. मला बघून तिच्या हातांना काय करावं ते कळेना. माती झटकली, पदर सावरला, परत झटकली. “सुमे! एकटी आलीस? बाबा बरं हायेत ना?”

“बरे आहेत. बाय, त्या काय म्हणाल्या?”

“कुवाळ म्हनलं,” सासूबाईच बोलल्या. “का गं? तुज्या म्हायेरचाच शब्द हाय, तुला ठावं न्हाई?”

मग कळलं ते असं. बायच्या सासऱ्यांचं नाव दगडू. त्यांच्या थोरल्या भावाचं नाव धोंडू. आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्यांना कुणाची नजर लागू नये म्हणून अशी ओबडधोबड नावं ठेवत. आणि आमच्याकडे बाईने नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही. त्या नावाची वस्तू असली तर तिलाही त्या नावाने बोलवायचं नाही. म्हणजे दगड वेचून पोट भरणाऱ्या त्या घरात सासू आणि सून या दोघींना दिवसभर दगड म्हणता येत नव्हतं आणि धोंडाही म्हणता येत नव्हतं.

“तीस वर्सं मी नुस्तं ‘त्ये द्या, त्ये द्या’ करीत व्हते,” सासूबाई म्हणाल्या. “येकदा ‘त्ये द्या’ म्हनलं तर ह्यांनी पान्याचा तांब्या दिला. म्हनलं, पानी रचून बांध घालू का? मग ही आली. ह्या पोरीनं पयल्याच दिवशी म्हनलं, आत्याबाई, आमच्यात कुवाळ म्हनत्यात. म्हनलं, देवानंच धाडली.”

पलीकडून पहार टेकवत सासरे आले. “माज्या नावाचा लई तरास ह्या बायांना,” ते मला म्हणाले. “पन आता ह्या वयात नाव बदलू व्हय, पावणं? आता मीबी कुवाळच म्हनतो. सवय झाली.” आणि बायची चार वर्षांची मंगी माझ्या पुढ्यात येऊन मुठीतला खडा दाखवत म्हणाली, “माझा बारका कुवाळ.”

मला आनंद झाला असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर आधी राग आला. आमच्या दोघींचा शब्द, नियमाने पक्का केलेला, इथे चार माणसं सरसकट वापरत होती. माझ्याशी तो बोलायला बायला लाज वाटत होती आणि सासूला तिने पहिल्याच दिवशी देऊन टाकला. मी गप्प राहिले. बायने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “हिरडू नको गं.”

ते ऐकल्यावर राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

स्वयंपाक लवकर उरकून उन्हं असतानाच आम्ही चुलीपाशी बसलो. बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीचं पिठलं, लसणाची चटणी. बायचे हात बघवत नव्हते. दहाही बोटांच्या टोकांना चिरा, त्यांत माती. मी अंक काढला. तिला वाचता येत नसे, म्हणून तिने तो हातात घेऊन आधी नुसता वास घेतला आणि मला परत दिला. मी एकेक शब्द, अर्थ आणि उगम वाचू लागले. लहानपणी मी काढलेले शब्द आले तेव्हा ती मान डोलावत होती. भिवरीपाशी तिने मला थांबवलं.

“नदीवरनं? कोन म्हनलं असं?”

“मी लिहिलं.”

“आगं, भिवरी आपली शेळी न्हवती का? बांडी? चढनीला बसली की उठायचं नाव नाय. आयनं तिला येकदा पाठुंगळी मारून आनली व्हती.” आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. पुढचे दोन-तीन शब्दही असेच निघाले. मग मी वाचलं, कुवाळ, दगड, कूल म्हणजे नदीचा काठ यावरून.

ती हसली नाही. तवा उतरवून बाजूला ठेवला.

“आपल्या वाटंला वळनावर त्यो उंच धोंडा,” म्हणाली आणि जीभ चावून थांबली, दाराकडे पाहिलं, “त्यो उंच कुवाळ हाय बघ. भारा टेकवायचा. तिथं आय भारा टेकवून कूऽऽ करायची. आपल्याला कळायला, का आली म्हनून. मी घरनं कूऽऽ करायची. तू अंगनात बसून व्हतीस. कूऽ ऐकलं की तू वर बोट करायचीस आनि म्हनायचीस, कुवाऽ. आय गेल्यावर बी तू रोज सांच्याला त्या वळनाकडं बोट करून कुवाऽ कुवाऽ करायचीस. मला काय समजंना. म्हनलं, ह्याला कुवाळच म्हनू. म्हंजी तू बोट केलंस तरी कुनाला वाटंल, पोर आपलं दगडच दाखवतीय.” दगड हा शब्द तिच्या तोंडून निसटला आणि या वेळी तिने जीभ चावली नाही.

इतकी वर्षं मला वाटत होतं, आईचं माझ्यापाशी काहीच नाही. आणि मी रोज तो शब्द उच्चारत होते.

“तुज्या सरांनी छापलंय त्यात नदी हाय,” बाय म्हणाली. रागाने नाही, समजून घ्यायला विचारावं तसं. “मग आय कुठं ऱ्हायली त्यात?”

मी अंक मिटला आणि म्हणाले, “मी सरांना खरं सांगते.” ती म्हणाली, “तुला शिकायचंय तिथं. तुजं बघ तू.” मग मी तिला वहीतले एकटीचे शब्द वाचून दाखवले. पालथणही सांगितलं, ताटाची गोष्ट सांगितली. ती भांडी आवरत होती. हूं हूं करत होती. तिचं लक्ष आहे की नाही ते कळेना. मंगी तिच्या मांडीवर झोपली, मग बायचीही मान खाली झुकली. दिवसभर दगड उचललेलं माणूस. मी वही मिटली.

सकाळी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत कांद्याचे दर, दाजींचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं पाठीचं दुखणं, बाबांसाठी दिलेली चटणी, असलंच बोलणं. एसटी दिसली. मी पायरीवर चढले तेव्हा तिने खालून माझी पिशवी वर दिली आणि म्हणाली, “नीट जा. आता दोन-चार दिस मला लई पालथण लागंल बघ.”

कंडक्टरने घंटी मारली. शब्द पक्का झाला होता.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. बासष्ट चौकटी खोट्या आहेत, एक शेळीची आहे, एक आईची, आणखी दोन-तीन कळल्या आहेत, बाकीच्या अजून विचारायच्या आहेत. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग छापून गेलं त्याचं काय करायचं?” मी म्हणाले, “ठाऊक नाही, सर.” चष्मा परत उचलून ते म्हणाले, “रिकामं ठेवलं असतंस तरी चाललं असतं, मुली.” ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हे वाक्य मला कुणीतरी एक वर्ष आधी सांगायला हवं होतं. जुन्नरला दुसऱ्या मुलीची कविता गेली. सर पुढेही माझ्याशी चांगलेच वागले, पण पुन्हा खुर्ची दिली नाही. मेसमध्ये माझं ताट अधूनमधून पालथं दिसू लागलं. फरक इतकाच होता की त्याला काय म्हणतात हे माझ्याखेरीज आणखी एका माणसाला माहीत होतं. त्यावर मी पदवीची दोन वर्षं काढली.

बाकीचे उगम आम्ही सवडीने भरून काढले, सणावाराला, लग्नकार्यात, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर. एकोणीस बायलाही आठवले नाहीत. ते मी रिकामेच ठेवलेत. बाय जाऊन आता तीन वर्षं झाली. तिचे सासू-सासरे त्याच्याही कितीतरी आधी गेले. मी पुण्यात दोन खोल्यांत राहते, निवृत्त शिक्षिका, एकटी.

परवा मंगीच्या धाकट्या मुलीचा फोन आला. ती आता नववीत आहे. “आज्जी, शाळेत बोलीभाषेचा प्रकल्प आहे. आमच्याकडे कुवाळ म्हणतात ना, तो मी घेतलाय. आमच्या वस्तीवर सगळेच म्हणतात, ट्रॅक्टरवालेसुद्धा. उगम लिहायचाय. पप्पा म्हणतात, लई जुना शब्द आहे, आपल्या पूर्वजांचा, हजार वर्षांचा. तसंच लिहू का?”

मी म्हणाले, “नको. लिहून घे.” आणि वळणावरचा दगड, भारा, आई, सगळं सांगितलं. ती लिहीत होती, कागदाचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, “कूऽ म्हणजे कसं? हळू की मोठ्याने?”

मला आईचं कूऽ आठवत नाही. बायचं आठवतं. मी फोन तोंडापासून लांब धरला, खिडकीकडे तोंड केलं, आणि डोंगराच्या वळणावरून घरापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने केलं. सहासष्टाव्या वर्षी आवाज फाटतो, पण झालं. पलीकडून पोरगी म्हणाली, “बापरे. हे कसं लिहू?” मी म्हणाले, “लिहिता येणार नाही. तेवढं मोकळं सोड.”

फोन ठेवला तर दारावर टकटक. वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या, हात पिठाचे, घाबऱ्याघुबऱ्या. “मावशी, काय झालं? तुम्ही कुणाला हाक मारलीत का?”

“हो,” मी म्हणाले. मग त्यांना आत बोलावलं आणि चहा टाकला.